तुळसाक्काचा खटका

तुळसाक्का बहिरी होती की नव्हती, यावर आमच्या यशवंतपूरच्या गल्लीत दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, बाईचा जन्म पिठाच्या गिरणीत गेला, कान गेलेले असणारच. दुसऱ्या तटाचं म्हणणं, कसली बहिरी न् काय, सगळं सोंग आहे, हिला पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकू येते. मी आधी पहिल्या तटात होते. महिन्याभरात दुसऱ्या तटात गेले आणि कायमची तिथंच राहिले.

मी पुण्याहून बेंगळुरात आले ती नव्वदीच्या सुरुवातीला, ह्यांना इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून. गाव छान, हवा तर काय विचारूच नका, पण पोळीचे हाल. शेजारपाजार सगळा भातावर आणि रागीवर, म्हणजे आपल्या नाचणीवर, जगणारा. शेवटी कुणीतरी सांगितलं, स्टेशनामागं तुळसाक्काची गिरणी आहे, मराठीच आहे ती. मी गव्हाचा डबा घेऊन गेले आणि आपल्या पुणेरी रीतीनं विचारलं, "दळण घ्याल का हो?" तर आतून पिठानं पांढरीफटक झालेली एक बाई पदर खोचून बाहेर आली. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अहोजाहो कुणाला करतीस? मी काय कलेक्टर की? अक्का म्हण, तू म्हण आणि डबा रांगेत ठेव."

तिचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेले. मराठी त्यांच्याबरोबर आली आणि कन्नडात मुरत राहिली. पहिले काही दिवस मला तिचं निम्मंच कळायचं. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही. "ए पुण्याची" म्हणायची, आणि तेही अशा सुरात की पुणं म्हणजे मला झालेलं एखादं दुखणं असावं.

गिरणीत नियम एकच. आलेल्यानं डबा रांगेत ठेवायचा आणि नंबर आला की दळून घ्यायचं. रागीनंतर गहू आला तर मूठभर गहू आधी टाकून दगड साफ करायचा, की झालं. डबा कुणाचा हे तुळसाक्का बघायची नाही. मोटर सुरू झाली की पट्टा फटफटायचा, पत्रे थरथरायचे आणि बोलायचं ते बोंबलूनच बोलावं लागायचं. तुळसाक्का भिंतीला टेकून बसायची. डोक्याशी लोखंडी पेटीतला मोटरचा खटका, आणि डावा हात कायम त्या खटक्यावर.

त्या हाताची करामत मला कळली ती सुमतीवहिनींमुळे. ह्या आमच्या मागच्या घरात राहायच्या आणि धाकट्या दिरासाठी मुली बघत होत्या. एक दिवस रांगेत उभ्या उभ्या त्या गिरणीच्या आवाजावर आवाज काढून मला सांगत होत्या, "मुलगी लाखात एक हो! शिकलेली, गाणारी, घराणं चांगलं! आम्ही रंगबिंग काही मानत नाही, पण..."

आणि गिरणी बसली. वीज गेल्यासारखी. सुमतीवहिनींचा आवाज मात्र जिथं चढला होता तिथंच राहिला.

"...काळी ठिक्कर आहे हो मुलगी!"

हे समोरच्या चांभारानं ऐकलं, इडलीच्या गाडीवाल्यानं ऐकलं, वरच्या गच्चीत वाळवण घालणाऱ्या आजींनी वाकून बघितलं. सुमतीवहिनींना शब्द गिळताही येईना. तुळसाक्का कानामागं हात धरून म्हणाली, "काय म्हणालीस गं? आता नीट आयकू येतंय. परत सांग."

"काही नाही, दळण कधी होईल विचारत होते."

"ते नव्हे की. ती पोरगी कशी म्हणालीस?"

"म्हणजे आमचं काही नाही हो अक्का, पण निदान गव्हाळ तरी हवी ना..."

तुळसाक्का उठलीच. रांगेतल्या डब्यांची झाकणं काढून तिनं प्रत्येकातले मूठभर गहू तळहातावर घेतले. "गव्हाळ म्हणजे कुठला गहू? हा बघ, हा पिवळा. ही खपली, तांबडी लाल. हा ह्या पुण्याचीचा, मातकट. कुठल्या गव्हाची सून पायजे ते एकदा ठरव, मी बाजारातनं पोतंभर मागवते."

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझा गहू मातकट नव्हता हो! चांगला निवडून आणलेला होता. ते मला अजून लागतं.

नंतर मी तिला नीट बघायला लागले आणि मला त्यातली गोम कळली. खटका बंद केला तरी पट्टा काही लगेच थांबत नाही, दोन-चार श्वास घरघरतो. म्हणजे "पण" ऐकून खटका दाबला तर उशीर होणार. ती "तसलं काही मानत नाही" एवढं कानावर आलं की दाबायची. पुढं "पण" येणार आणि त्याच्यापुढं काय येणार, हे तिला पाठ होतं. आसामकडचे विद्यार्थी आमच्या गल्लीत खोली शोधत आले तेव्हा हेच. तमिळ भाडेकरू आला तेव्हा हेच. नव्यानं राहायला आलेली नर्सबाई कुठल्या जातीची, यावर चर्चा झाली तेव्हाही हेच. माणसं वाईट नव्हती, मी शपथेवर सांगते. एकमेकांच्या आजारपणाला धावणारी, घरचं लोणचं वाटीतून देणारी माणसं. ती सगळी हे असलं बोलायची, आणि भाजी महाग झाली म्हणावं तितक्या सहज बोलायची. तुळसाक्का फक्त गिरणी बंद करायची.

कालांतरानं लोक शहाणे झाले. गिरणीचा सूर जरा खाली आला की सगळे गप्प. मग त्यांनी खुणा काढल्या. "पण" म्हणायचं आणि पुढं न बोलता गालावरून गोल हात फिरवायचा. त्यावर तुळसाक्का आपली काळजीनं विचारायची, "काय झालं? दाढ दुखतीय का? लवंग देऊ?"

ती स्वतः चांगली काळी होती. आंघोळ करून देवळात निघाली तेव्हा मला पहिल्यांदा ओळखूच आली नव्हती. एकदा पाऊस लागून रांग नव्हती, तेव्हा म्हणाली, "मला घरात 'करी' म्हणायचे. करी म्हणजे काळी. प्रेमानं म्हणायचे म्हणे. प्रेमानं चिमटा काढला की वळ उठत नाही की काय?" मग स्वतःच हसत सुटली. "आणि लग्न होऊन आले तर सासू नवऱ्याला म्हणाली, हिला गिरणीत बसव. तिथं गोरी दिसेल." मला हसावं की रडावं कळेना. ती मात्र डोळे पुसत हसत होती, आणि पुसताना गालावर दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या.

अशा ह्या गिरणीत एक दिवस डॅनियल आला.

हा टांझानियाचा मुलगा. इथल्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकत होता. उंच इतका, की दाराच्या चौकटीला नमस्कार केल्याशिवाय आत येता यायचं नाही. रंग अगदी काळा, आणि हातात पिशवीभर मका. तो आत आला आणि रांग अशी आक्रसली, की मधे दोन डब्यांची जागा मोकळी झाली. त्यानं ती जागा बघितली. त्याला सवय असावी. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"तिथं नव्हे, डबा इथं ठेव," तुळसाक्का कन्नडात म्हणाली. त्याच्याकडं डबा नव्हताच. तिनं आपला एक रिकामा डबा काढला, त्यात मका ओतला आणि रांगेत त्या मोकळ्या जागी नेऊन ठेवला.

गिरणी सुरू झाली तसे त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. नंतर त्यानंच मोडक्या हिंदी-इंग्रजीत सांगितलं, की त्याच्या गावात हाच आवाज आहे, आणि त्याची आई अशीच रांगेत मका घेऊन उभी राहते. त्या पिठाचं ते उकडीसारखं घट्ट काहीतरी करतात, उगाली म्हणतात त्याला. वसतिगृहातलं जेवण त्याला सोसत नव्हतं. आठवड्यातून एकदा उगाली खाल्ली की त्याला घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं. पीठ हातात घेऊन त्यानं तोंड मात्र जरा वाकडं केलं.

"काय रे, बारीक नाही झालं?"

"बारीक आहे, अक्का. पण पिवळं आहे. आमच्यात पांढराच मका चांगला समजतात."

"अय्यो!" तुळसाक्कानं कपाळाला हात लावला. "तू पण का रे?"

तो आधी बावचळला, मग असा हसला की पत्रे पुन्हा थरथरले. त्या दिवसापासून तो दर शनिवारी यायचा. तिनं बाजारात चार ठिकाणी फिरून त्याच्यासाठी पांढरा मकासुद्धा शोधून काढला.

इथं अभ्यंकरकाका आले. म्हणजे ते होतेच, पण ह्या गोष्टीत इथं आले. निवृत्त अधिकारी, आमच्या भागातल्या मराठी घरांच्या छोट्याशा मंडळाचे अध्यक्ष. दिवाळीला सगळ्या घरांच्या चकलीच्या भाजण्या त्यांच्या देखरेखीखाली तुळसाक्काकडं जायच्या. स्टेशनापलीकडं तेव्हा एक नवी चकचकीत गिरणी निघाली होती, फरशी बसवलेली, पंखा लावलेली. तुळसाक्काचं रोजचं गिऱ्हाईक तिकडं पांगत चाललं होतं, आणि ती माझ्याजवळ स्पष्टच म्हणाली होती, "पुण्याची, यंदा दिवाळीचं दळण गेलं तर ही गिरणी गेली बघ."

अभ्यंकरकाका हुशार माणूस. ते गिरणी बंद असताना दुपारचे आले, म्हणजे खटक्याची भीती नको. मी गहू पाखडत तिथंच बसले होते.

"तुळसाबाई, तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "त्या मुलाला येऊ नको असं कोण म्हणतंय? त्यानं सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी यावं. एवढंच. दिवाळीचं सोवळ्याओवळ्याचं असतं, त्याचं पीठ आमच्या भाजणीत मिसळायला नको."

"आणि तुझ्यात आजवर कुणाकुणाचं मिसळलंय, सांगू?" तुळसाक्का म्हणाली. "दगड एकच हाय, बाबा. तुझ्या आधी खाटकाच्या बायकोचं दळण असतं, तिच्या आधी चर्चमधल्या सिस्टरचं. एवढी वर्षं तू सगळ्यांचं खाल्लास आणि पोट कधी दुखलं नाही."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते नुसतं म्हणाले, "मग मंडळाला विचार करावा लागेल," आणि गेले. मला त्यांचा असा संताप आला, की मी गहू खड्यांसकट डब्यात भरला.

शनिवारी डॅनियल आला. त्याच्या कानावर कुणीतरी घातलं असणार. गिरणीत येऊन येऊन त्याला थोडी मराठी कळायला लागली होती. कन्नड तो फारशी शिकला नव्हता, पण ह्या गावाचं जे लाडकं वाक्य, 'जरा सांभाळून घ्या' ह्या अर्थाचं, बसमधे, बँकेत, सिनेमाच्या रांगेत जो तो म्हणतो, ते त्याला येत होतं. तो हसत म्हणाला, "अक्का, मी शेवटी येतो. चालेल मला. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

तुळसाक्का चिडलेली मी पहिल्यांदा तेव्हा बघितली. हातातला पत्र्याचा डबा तिनं असा आदळला की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं.

"कुणी अ‍ॅडजस्ट करायचं? तूच? नेहमी? बसमधे तू उठायचं, खोली मिळाली नाही तर तू हसायचं, इथं तू शेवटी यायचं, आणि तेही तूच मला समजावायचं? मी जन्मभर अ‍ॅडजस्ट केलं रे! सासू म्हणाली गिरणीत बस, बसले. तू शेवटी आलास तर मी मोटर विकून टाकीन. डबा ठेव!"

तिचा आवाज फाटला होता. त्यानं मुकाट्यानं डबा ठेवला, रांगेत, आपल्या जागी. मी बाहेर जाऊन उगाचच चपलेतला खडा काढत बसले.

आणि मग तो दिवाळीच्या आधीचा शनिवार. रांग गल्लीच्या तोंडाशी गेलेली. भाजण्यांचा खमंग वास सुटलेला, प्रत्येकीला घरी चकल्या तळायच्या असल्यानं जी ती टेकीला आलेली. डॅनियलचा डबा रांगेत पुढं, आणि त्याच्या लगेच मागं अभ्यंकरकाकांचा भला मोठा डबा. काकांच्या मागं सुमतीवहिनी, मग मी. काका घाम पुसत होते. गिरणी धडधडत होती. डॅनियलचा नंबर आला आणि काकांना राहवलं नाही. ते सगळ्या रांगेला ऐकू जावं म्हणून ओरडले, "मी तसलं काही मानत नाही, पण..."

गिरणी बसली.

काका तिथंच थांबले. त्यांना कळलं होतं. तोंड उघडं, "पण" हवेत. तुळसाक्का कानामागं हात धरून पुढं झुकली. "हं. सांग."

काकांनी पुन्हा घाम पुसला.

"मी थांबते. तुझं वाक्य पुरं झालं की गिरणी चालू करते."

खरंच तिनं खटक्यावरचा हात काढला आणि मांडी घालून बसली. डॅनियल काकांकडं वळून, मान जरा खाली घालून, मोठ्या आदरानं ऐकायला उभा राहिला. वडीलधारं माणूस काही बोलतंय, म्हणजे ऐकलंच पाहिजे! काकांनी त्याच्या बरगड्यांपासून वरपर्यंत नजर नेली आणि पुन्हा खाली आणली.

रांग चुळबुळायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, बोला की!" दुसरी म्हणाली, "बोलून टाका हो काका, तेल तापत ठेवून आलेय मी!" आणि सुमतीवहिनी, माझ्या पुढं उभ्या असलेल्या त्याच सुमतीवहिनी, फणकाऱ्यानं म्हणाल्या, "एरवी तर केवढं बोलता! काय ते तोंडावर सांगा ना त्याला!"

तोंडावर. तेच तर जमत नव्हतं. पाठीमागं बोलायला काकांना कधी अडचण आली नव्हती. "पण..." ते म्हणाले, "पण... ह्यांचा मका आहे, तो जरा... बारीक दळा."

"थँक यू, अंकल," डॅनियल म्हणाला, अगदी मनापासून.

तुळसाक्कानं खटका दाबला. गिरणीच्या आवाजात रांग किती हसली ते काकांना ऐकू आलं नसेल, असं मी धरून चालते.

आता इथं थांबले तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. काकांनी डबा उचलला तो सरळ नव्या गिरणीत नेला, आणि त्यांच्यामागं निम्मं मंडळ गेलं. ती दिवाळी तुळसाक्काला फार जड गेली. ऐन फराळाच्या दिवसांत मी तिला पट्टा उतरवून नुसती बसलेली बघितली आहे. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले, तर म्हणाली, "जा गं पुण्याची, तुझ्या चकल्या बिघडतील." त्या बिघडल्याच. माझं लक्ष नव्हतं.

माणसं परत आली ती संक्रांतीच्या सुमाराला. मन बदललं म्हणून नव्हे, पोळ्या वातड झाल्या म्हणून. नव्या गिरणीचा दगड तापायचा आणि पीठ करपायचं. अभ्यंकरकाकूंनी म्हणे एक दिवस काकांच्या ताटात पोळी आपटली आणि ती वाजली. पुढच्या शनिवारी काका आले. डॅनियलच्या डब्यामागं त्यांनी आपला डबा ठेवला आणि छत्रीच्या मुठीकडं बघत उभे राहिले. तुळसाक्कानं मूठभर गहू टाकून दगड साफ केला आणि दळून दिलं. त्यानंतर काका गिरणीत "सरी", म्हणजे बरं, आणि "झालं का?" ह्यापलीकडं कधी बोलले नाहीत. घरी काय बोलत होते, देव जाणे.

डॅनियल शिकून गेला. जाताना तुळसाक्काच्या पाया पडायला म्हणून वाकला, तर त्याचं डोकं पिठाच्या टोपल्यात गेलं. तो तसाच पांढऱ्या केसांनी स्टेशनाकडं चालत गेला, आणि ती दारात उभी राहून ओरडत होती, "म्हातारा झालास की रे!" मग आत येऊन ती उगाचच रिकाम्या डब्यांची झाकणं काढत-लावत बसली.

दशक संपता संपता ह्यांना पुन्हा पुण्यात नोकरी मिळाली. सामान बांधून झालं आणि मी शेवटची गिरणीत गेले, रिकाम्या हातानं. शनिवारच होता. रांगेत डबे होते. केसांच्या बारीक वेण्या घातलेली एक नवी मुलगी, डॅनियलच्या देशाकडचीच, मक्याचा डबा पायानं पुढं सरकवत होती आणि अभ्यंकरकाका तिच्या मागं छत्री घेऊन उभे होते. तुळसाक्का आपल्या जागी, डावा हात खटक्यावर. आता तिच्या भुवयांवरचं पांढरं सगळंच काही पीठ नव्हतं.

मी पुण्याची. आम्हाला गळे काढणं जमत नाही. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आले होते, अगदी थोडक्यात, आणि गिरणीच्या आवाजात म्हणून टाकलं की कुणाला ऐकूही जाणार नाही, असा माझा हिशेब होता. मी तिच्या कानाशी वाकून ओरडले, "अक्का, मी रडणंबिडणं तसलं काही मानत नाही, पण..."

सवयीनं तिचा हात पडलाच. गिरणी बसली.

"...पण तुझ्यासारखं मला कुणी भेटायचं नाही गं!"

चांभारानं मान वर केली. इडलीवाल्याची पळी थांबली. अभ्यंकरकाका छत्रीकडं बघायचे विसरले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुळसाक्कानं माझ्याकडं बघितलं आणि कानामागं हात धरला.

"काय म्हणालीस? आयकू नाही आलं. परत सांग."

मी सांगितलं. भर रस्त्यात, मोठ्यानं ओरडून, परत सांगितलं.